चार्टवरचे वीस

पहिल्या वर्षाच्या मुली वर्गात येतात, तेव्हा पहिल्या तासाला मी काही शिकवत नाही. त्यांच्या जोड्या पाडते आणि सांगते, समोरचीचे श्वास मोजा. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून.

आधी खुदखुद होते. कोणीतरी तक्रार करतं, "मॅडम, ही मुद्दाम जोरात घेतेय." सेकंदकाटा अर्ध्यावर येईपर्यंत निम्म्या वर्गाचा आकडा चुकलेला असतो. काहींना वाटतं, मी थांबा म्हणायला विसरले. मिनिट किती मोठं असतं हे बहुतेकींना त्या दिवशी कळतं. मग आकडे येतात. १४, १७, १९, २२. एकीचे २६, कारण ती उशीर झाला म्हणून जिना धावत चढून आलेली असते.

त्यानंतर मी फळ्यावर एक टीपीआर चार्ट काढते. टेम्परेचर, पल्स, रेस्पिरेशन, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास. सरकारी वॉर्डात सकाळ-संध्याकाळ तो भरावा लागतो. ताप प्रत्येकाचा वेगळा, नाडी थोडीफार वेगळी. श्वासाच्या रकान्यात मात्र पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत २०, २०, २०. मुलींना विचारते, हा वॉर्ड कुठला असेल? कोणी काही, कोणी काही सांगतं. मी सांगते, वॉर्ड कुठलाही असू शकतो, पण हा चार्ट माझ्या हातचा आहे.

वर्गात शांतता होते. ती मला हवी असते, हे कबूल करते.

मी २०२४ मध्ये ५८ वर्षं पुरी करून निवृत्त झाले. आता आठवड्यातून दोन दिवस एका नर्सिंग स्कूलमध्ये शिकवते आणि एक दिवस मुलींबरोबर वॉर्डात जाते. निवृत्तीच्या समारंभात एका साहेबांनी माझ्या सेवाभावावर वीस मिनिटं भाषण केलं. खरं सांगायचं तर मी सेवाभावाने नर्सिंगला आले नव्हते. माझे वडील मुंबईत गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि कामगारांसाठी तो कधी संपलाच नाही. वडील एका ट्रंकेसह गावाला परत आले. मी १९८४ साली बारावी झाले तेव्हा घरात पाच माणसं, भाताचे चार कुणगे आणि एक म्हैस होती. नर्सिंगला गेलं की हॉस्टेल मिळतं आणि वर विद्यावेतन मिळतं, एवढं शेजारच्या वाडीतल्या एका मुलीकडून कळलं होतं. अर्ज भरायला तेवढं कारण पुरलं.

आत्याने घर डोक्यावर घेतलं होतं. "पुरुषांका हात लावूचो लागतलो मा थंय?" हा तिचा एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर होय असंच होतं. रात्रपाळी, पांढरे कपडे, परक्याची घाण, यातलं लग्नाच्या बाजारात काही चालत नव्हतं. पुढे पोस्ट बेसिकचा अभ्यास करताना वाचलं, की रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सुरू केलेल्या पुण्याच्या सेवासदनाने त्या काळात विधवा आणि परित्यक्ता बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवलं होतं. लोकांनी तेव्हा काय म्हटलं असेल हे मला पुस्तकात शोधावं लागलं नाही. आत्याकडून सगळं ऐकलेलं होतं.

ट्रेनिंग मुंबईत झालं. पहिले सहा महिने काय केलं विचाराल तर बेडपॅन धुतले, खाटा पुसल्या, चादरी ओढल्या. काचेच्या सिरिंज उकळायच्या, सुयांची टोकं बोथट झाली की दगडावर घासायची, कापसाचे बोळे करून ड्रममध्ये भरायचे. आजच्या मुलींना काचेची सिरिंज दाखवली की त्या मोबाइलवर फोटो काढतात. त्या काळाचं मला फारसं कौतुक नाही. एकच सुई कितीजणांना टोचली गेली असेल याचा विचार आला की पोटात खड्डा पडतो.

पहिलं प्रेत मी एकोणिसाव्या वर्षी आवरलं. हनुवटी बांधायची, डोळे मिटायचे, नळ्या काढायच्या, अंग पुसायचं. बरोबरची मावशी त्या म्हाताऱ्याशी बोलत होती. "हां बाबा, आता कूस बदलू या." मी म्हटलं, मावशी, ते गेलेत. ती म्हणाली, "मग काय झालं, सवय असते." ही मावशी कुठल्याही पुस्तकात नाही, पण अंगाला हात लावण्यापूर्वी पेशंटला सांगायचं असतं हे मी तिच्याकडूनच शिकले. मुलींना मी आजही ते करायला लावते. बेशुद्ध पेशंटलाही, "आजी, कूस बदलते हं." मुली लाजतात. दोन आठवड्यांत लाज जाते.

१९८८ मध्ये नोकरी लागली ती कोकणातल्या एका तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात. रात्रीला एक नर्स, एक मावशी, एक कक्षसेवक आणि क्वार्टरमध्ये झोपलेले डॉक्टर. पाऊस सुरू झाला की दिवे जात आणि दिवे गेले की फुरशाचे पेशंट येत, असं मला तेव्हा वाटायचं. फुरसं हातभरही लांब नसतं. कातळावरच्या गवतात ते दिसत नाही. गवत कापताना, भात झोडताना बोटाला चावतं. नाग किंवा मण्यार चावली तर माणूस झापड आल्यासारखा होतो, पण फुरशाचा पेशंट चालत येतो, बोलतो, आणि हिरड्यांतून रक्त येत असतं.

विष रक्तात भिनलंय का हे बघायची एक साधी परीक्षा आहे. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, नळी वीस मिनिटं अजिबात हलवायची नाही, मग ती हळूच तिरपी करायची. रक्त गोठलेलं असलं तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलंय. नातेवाईक दारात उभे असत. काहींनी वाटेत भगताकडून अंगारा लावून आणलेला असे. त्यांच्यासाठी त्या वीस मिनिटांत आम्ही काहीच करत नव्हतो. "बाई, इंजेक्शन द्या ना!" मी नळीकडे बघत बसलेली. काही न करता, पण लक्ष ठेवून बसणं हे या धंद्यातलं फार अवघड काम आहे, आणि ते दिसायला आळसासारखं दिसतं.

एका पावसाळ्यात गंमत झाली. तीन दिवसांत चारजण आले आणि चौघांचंही रक्त गोठेना. त्यातल्या दोघांना तर सूजही नव्हती. एकाला सर्पविषाची लस लावली, तर अंगभर गांध्या उठल्या, धाप लागली, अॅड्रिनॅलिन द्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, सगळ्या तालुक्याला फुरसं चावलंय की काय? काय सुचलं कोण जाणे, मी माझंच रक्त काढलं आणि नळीत ठेवलं. वीस मिनिटांनी तेही पाण्यासारखं वाहिलं. मला तर काही चावलं नव्हतं. मावशीला विचारलं, नळ्या कशाने धुतेस? ती खूश होऊन म्हणाली, "बाई, आता पावडर आणलीय ना धुण्याची, चकाचक निघतात." साबणाचा अंश राहिला की रक्त गोठत नाही. नळ्या इतक्या स्वच्छ झाल्या होत्या की परीक्षाच खोटी पडली होती. त्या वर्षापासून त्या नळ्या मी स्वतः साध्या पाण्याने धुऊन वाळवायला लागले.

त्याच भागात लाल विंचवाचे पेशंटही पुष्कळ. लहान मूल घामाने थबथबलेलं, हातपाय बर्फासारखे, तोंडाला फेस. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी यावर वापरून दाखवली आणि ते संशोधन जगभर पोचलं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला त्यातलं एवढंच कळत होतं, की पूर्वी अशी मुलं आमच्या हातात जात असत आणि ती गोळी आल्यावर सकाळी पेज मागायला लागली.

श्वासांकडे येते.

नव्वदच्या दशकात माझी बदली जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. १९९७ मध्ये मी प्रसूतीनंतरच्या वॉर्डात होते. एक पहिलटकरीण झटके येऊन दाखल झाली होती. बाळंतीण झाली, मूल वाचलं, तिला मॅग्नेशियम सल्फेट चालू होतं. दर चार तासांनी पाच ग्रॅम कमरेत. हे औषध झटके थांबवतं, पण अंगात साठलं तर श्वासही थांबवतं. म्हणून प्रत्येक डोसाआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का, चार तासांत लघवी पुरेशी झाली का, आणि श्वास किती आहेत. हे मला तोंडपाठ होतं. परीक्षेत त्यावर गुण मिळवले होते.

पहाटे दोनचा डोस भरून मी निघाले. त्या रात्री एक वयस्कर परिसेविका राउंडला आलेल्या होत्या. त्यांनी चार्ट बघितला.

"श्वास वीस?"

"हो सिस्टर."

"वीस कुठून आणलेस गो?"

त्या ओरडल्या नाहीत. हे त्यांनी अशा आवाजात विचारलं, की जणू मी बाजारातून भाजी आणली होती आणि त्यांना भाव जाणून घ्यायचा होता. मी काही बोलले नाही. त्यांनी त्या मुलीच्या पोटावर हात ठेवला, स्वतःच्या घड्याळाकडे बघितलं आणि पूर्ण मिनिट उभ्या राहिल्या. अकरा. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हलला नाही. पिशवीत लघवी जेमतेम. डोस थांबवला, डॉक्टरांना उठवलं, कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू शिरेतून दिलं. सकाळपर्यंत मुलगी ठीक झाली. तिला आणि तिच्या घरच्यांना काही कळलंही नाही.

माझ्या हातात भरलेली सिरिंज होती. आणखी दोन मिनिटांत ती रिकामी झाली असती.

त्या सिस्टरांनी माझ्याबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. मात्र सकाळी ड्यूटी संपल्यावर मला थांबवलं आणि वॉर्डातल्या चौतीस बायकांचे श्वास मोजायला लावले. पाऊण तासाहून जास्त वेळ लागला. शेवटी त्या म्हणाल्या, आता सांग, रोज हे शक्य आहे का? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे नाही ते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक. आमच्याकडे चौतिसांमागे मी होते, आणि तीही रात्री. "ज्यांचे मोजायलाच हवेत त्यांचे मोज. बाकीच्यांचा रकाना कोरा ठेव. पण न मोजलेला आकडा लिहू नकोस."

कोरा रकाना ठेवणं सोपं नाही, हे पुढच्याच तपासणीत कळलं. वरून आलेल्या साहेबांनी चार्ट चाळले आणि विचारलं, या जागा रिकाम्या का? सगळीकडे २० लिहिणाऱ्या शेजारच्या वॉर्डाला शेरा मिळाला, "नोंदी उत्तम." आम्हाला लेखी खुलासा द्यावा लागला. आजही मला वाटतं, आपल्याकडे वॉर्डात जे खोटं लिहिलं जातं त्यातलं निम्मं या तपासण्यांसाठी लिहिलं जातं.

वॉर्डात एक ड्यूटी संपून दुसरी सुरू होते तेव्हा आम्ही ओव्हर देतो. खाटेखाटेला जाऊन पुढच्या नर्सला सांगायचं, याचं सलाईन कधी संपेल, हिचं ड्रेसिंग झालं, त्याला तीनला ताप होता. ओव्हर देताना सगळ्याच जणी काय झालं ते सांगतात. काय राहिलं, काय चुकलं, ते सांगणारी क्वचित. मोजायला मी त्या रात्री शिकले. सांगायला शिकायला आणखी बरीच वर्षं लागली, आणि तो भाग सांगताना मला अजूनही पाणी प्यावं लागतं.

१९९९ ची गोष्ट. पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात मधुमेहाचे एक म्हातारे दाखल होते. मुलगा आखातात. तो सुट्टीवर येताना बापासाठी इन्सुलिनच्या बाटल्या घेऊन आला होता. वॉर्डातला साठा संपलेला, म्हणून तीच वापरायची ठरली. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक एका मिलीत ४० युनिटचं येतं आणि सिरिंजही त्याच मापाची असते. ती बाटली होती एका मिलीत १०० युनिटची. लेबलवर लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही. नेहमीची सिरिंज घेतली, नेहमीप्रमाणे १६ च्या खुणेपर्यंत भरलं आणि रात्री साडेआठला टोचलं. म्हणजे सोळाच्या जागी चाळीस युनिट गेलं.

अकराच्या सुमाराला त्यांची बायको धावत आली. म्हातारे घामाने भिजले होते, काहीबाही बडबडत होते, मग बोलणंही थांबलं. साखर उतरलीय हे कळायला वेळ लागला नाही. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजच्या चार कुप्या शिरेतून दिल्या आणि चौथी संपता संपता त्यांनी डोळे उघडून बायकोला नावाने हाक मारली. सकाळपर्यंत सलाईन चालू ठेवलं. ते वाचले, आठवड्याने चालत घरी गेले.

डॉक्टरांनी विचारलं, साखर एवढी कशी उतरली? तोवर मी ती बाटली हातात घेऊन लेबल वाचलं होतं. मला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "जेवण कमी झालं असेल."

ती म्हातारी तिथेच उभी होती. ती रडायला लागली. म्हणाली, "होय हो, संध्याकाळी त्यांनी पेज अर्धी टाकली. मी जबरदस्ती करायला हवी होती. माझंच चुकलं." डॉक्टरांनी तिला समजावलं, इन्सुलिन घेतल्यावर पोटभर जेवायला घालायचं असतं, आजी, लक्षात ठेवा. ती मान हलवत राहिली. मी ट्रे उचलून आत गेले.

मुलाने आणलेल्या सगळ्या बाटल्या मी बाजूला काढल्या, वर कागद चिकटवून मोठ्या अक्षरात मात्रा लिहिली. दुसऱ्या कोणाकडून ती चूक होऊ नये एवढी काळजी घेतली. म्हातारीला मात्र काही सांगितलं नाही. तिच्या घरी पुढे कितीदा तरी हा विषय निघाला असेल, की त्या रात्री हिने नीट जेवू घातलं नाही म्हणून. माझी नोकरी, माझी दोन लहान मुलं, नवऱ्याची सुटलेली नोकरी, ही सगळी कारणं तेव्हा माझ्याकडे होती आणि ती खरी होती. त्यांचं गाव एसटीच्या वाटेवर होतं. त्या फाट्यावरून मी वर्षातून दोन-तीनदा तरी जात असे. गाडी थांबायची, माणसं चढायची-उतरायची. मी एकदाही उतरले नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. २०१० नंतर माझ्याकडे विद्यार्थिनींचं वॉर्डातलं काम बघायची जबाबदारी आली. पहिली काही वर्षं मी सगळ्या ट्यूटर करतात तसंच केलं: चुका पकडायच्या, वहीवर लाल रेघ मारायची, "तुमच्या जागी मी असते तर" असं म्हणायचं. मुली मला घाबरत. त्यांच्या वॉर्डातल्या चुका माझ्यापर्यंत येत नव्हत्या आणि मला वाटे, त्या चुकाच करत नाहीत. एकदा एका मुलीने फुटलेला थर्मामीटर गादीखाली लपवला, पाऱ्यासकट. तो सापडला तेव्हा मी तिच्यावर ओरडले आणि ओरडता ओरडता मला ट्रे उचलून आत जाणारी मी दिसले. पुढच्या बॅचला पहिल्याच आठवड्यात मी इन्सुलिनची गोष्ट सांगितली. आवाज फुटत नव्हता. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग त्या आजींना कधी सांगितलंत?" मी म्हटलं, नाही सांगितलं. तिने पुढे काही विचारलं नाही, आणि वर्गातल्या कुणी माझी समजूतही घातली नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

२०२० साली शेवटच्या वर्षाच्या मुली कोविड वॉर्डात आल्या. त्या दिवसांबद्दल इतकं बोलून झालंय की मी एवढंच सांगते: किटमध्ये सगळ्याजणी सारख्या दिसत, म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहायचं. हातमोज्यांवर हातमोजे, त्यामुळे मनगटावरचं घड्याळ दिसत नसे, भिंतीवरच्या घड्याळावर श्वास मोजायचे. काही पेशंट फोनवर व्यवस्थित बोलत असत आणि मिनिटाला चौतीस श्वास घेत असत. त्या वॉर्डात श्वासाच्या रकान्यात २० लिहिणं बंद झालं होतं. माझ्या सबंध नोकरीत तेवढे सहा महिने मी खरे चार्ट बघितले.

२०२२ मधली गोष्ट सांगते. दोन पेशंट एकाच वाडीचे, दोघांचं आडनाव एकच, खाटा समोरासमोर. कोकणात हे नेहमीचं, अख्खी वाडी एका आडनावाची असते. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने एकाचं अँटिबायोटिक दुसऱ्याला दिलं. पाच मिनिटांत ती माझ्यासमोर उभी. चेहरा पांढरा. "मॅडम, मी चुकीच्या पेशंटला दिलं." आम्ही धावलो. अॅलर्जी आहे का विचारलं, तासभर त्याच्याजवळ बसून राहिलो, नाडी, रक्तदाब, श्वास, अंगावर पुरळ, सगळं बघत. काही झालं नाही. पेशंटला स्वतः तिनेच सांगितलं. तो म्हणाला, "असो बाय, सांगितलंस ते बरं केलंस." डॉक्टर मात्र खवळले. मुलीला मेमो मिळाला, आईवडिलांना बोलावून घेतलं गेलं, इंटर्नल गुण कापले गेले. मी लेखी दिलं की तिने स्वतःहून सांगितलं आहे. त्याचा उपयोग झाला नाही.

ती मला नंतर भेटली तेव्हा तिने सरळ विचारलं, "मॅडम, सांगितलं नसतं तर काय झालं असतं?"

मी म्हटलं, "तर मेमो मिळाला नसता."

दुसरं खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चूक सांगणारीला शिक्षा आणि लपवणारीला शाबासकी, अशी आपली व्यवस्था आहे आणि ती बदलण्याएवढ्या मोठ्या खुर्चीवर मी कधी बसले नाही. मला जमलं ते एवढंच, की त्या वॉर्डात एकाच आडनावाचे पेशंट समोरासमोर ठेवायचे नाहीत, हा नियम झाला. इंजेक्शन देण्याआधी पूर्ण नाव पेशंटच्या तोंडून वदवून घ्यायचं, "तुम्ही अमुक ना?" असं विचारायचं नाही, कारण अर्धवट झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. ती मुलगी पास झाली. सध्या जर्मन भाषेची बी-टू परीक्षा देते आहे, म्हणजे जाणार. माझ्या चांगल्या मुलींतल्या बऱ्याच तशाच गेल्या. इथे कंत्राटी पगारात घर चालत नसेल तर त्यांना मातृभूमीची आठवण करून देणारी मी कोण?

दर वर्षी १२ मेला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या फोटोला हार घालतात, मुली हातात दिवे घेऊन शपथ घेतात, कुणीतरी 'दिवा घेतलेली देवी' असं भाषण ठोकतं. मी मुलींना सांगते, दिवा ठीक आहे, पण या बाईने क्रिमियाच्या युद्धात मेलेल्या सैनिकांचे आकडे गोळा केले आणि दाखवून दिलं की जखमांपेक्षा रोगराईने जास्त माणसं मेली. तिच्या हातातली वही कुणी फोटोत दाखवत नाही. आणि आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने लिहितावाचता न येणाऱ्या दायांना बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मणी सरकवायची पाटी आणि मिनिटभराची वाळूची घडी दिली. ज्यांना आकडे लिहिता येत नव्हते त्या बायका मोजून न्यूमोनिया ओळखत होत्या, आणि इकडे साडेतीन वर्षं शिकलेली मी न मोजता वीस लिहीत होते.

परवा दुसऱ्या वर्षाच्या मुलींबरोबर वॉर्डात गेले होते. एका मुलीच्या चार्टमध्ये तीन रकाने कोरे होते. विचारलं, हे काय? म्हणाली, "तीन नवीन अॅडमिशन आले, मॅडम, वेळ नाही मिळाला. ओव्हरमध्ये सांगितलंय." मी चार्ट परत दिला. बाहेर आल्यावर तिला सांगून ठेवलं, तपासणी असेल त्या दिवशी याबद्दल बोलणी खाशील.

आता वाचणाऱ्यांना एक विनंती. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की त्याचा श्वास बदलतो, म्हणून आम्ही नाडी मोजून झाली तरी मनगट सोडत नाही. हात तसाच धरून, नजर छातीवर ठेवून, गुपचूप मोजतो. तेव्हा कधी दवाखान्यात पडलात आणि एखादी नर्स तुमचा हात धरून उगाचच उभी आहे असं वाटलं, तर एक मिनिट तिच्याशी बोलू नका.